पांदणीसाठी दिवा

सायकलला कोणता दिवा लावावा यावर मला सल्ला देणाऱ्यांपैकी एकही माणूस आमच्या पांदणीनं अंधारात कधी गेलेला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा आमच्याकडे तुटवडा नाही. त्यात माझा नवरा पहिला. पहाटे तो घोरत असतो आणि उठला की सायकलीतला तज्ज्ञ होतो.

मी वसमतच्या एका दवाखान्यात नर्स आहे. सकाळची ड्युटी असली की पहिली एसटी गाठावी लागते. फाट्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, पण तो सगळ्या शिवाराला वळसा घालून जातो. म्हणून मी कॅनॉलच्या कडेच्या पांदणीनं जाते. हिवाळ्यात त्या वेळी मिट्ट काळोख असतो, आणि गव्हासाठी कॅनॉलला पाणी सुटलं की गाडीवाटेच्या चाकोऱ्या चिखलानं भरतात. एका हातात मोबाइलची बॅटरी धरून तिथं सायकल चालवून बघावी, मग सल्ले द्यावेत. चार्जिंगचा दिवाही लावून पाहिला. रात्री लाईट गेली की सकाळी तो मेलेला. तेव्हा डायनामोच घ्यायचा, हे मी ठरवलं. चाक फिरेल तोवर उजेड, कुणाची मेहरबानी नको.

घरात हे बोलायचा अवकाश, पुण्यातला पुतण्या दिवाळीला नवं चाकच घेऊन आला. डायनामो चाकाच्या मधोमध, हबमध्येच बसवलेला. आवाज नाही, टायरला घासणं नाही. अंगणात त्यानं ते दिव्यासकट सायकलीला बसवलं, पुढचं चाक उचललं आणि हातानं गरागरा फिरवलं. गोठ्यातल्या म्हशी दिपून उठून उभ्या राहिल्या. नवऱ्यानं तर टाळ्या वाजवल्या. "काकू, पार शाळेपर्यंत दिसतंय बघा," पुतण्या म्हणाला. पहाटेच्या अंधारात शाळेपर्यंत बघून मला काय करायचं होतं, हे कुणी विचारलं नाही. मीही तेव्हा विचारलं नाही.

पहिल्या पहाटे त्या दिव्यात आधी झळकली ती वेशीवरची पाटी. 'हागणदारीमुक्त गाव.' अक्षरं चमकणाऱ्या रंगाची आहेत, लांबूनच लखलखली. तिथून पांदणीला वळले, तर दोन्ही कडांना बसलेल्या बाया एकामागून एक उभ्या राहायला लागल्या. हेडमास्तर वर्गात आले की पोरं उठतात तशा. पदर तोंडावर, पाठ माझ्याकडं. उजेडामागं कोण आहे ते त्यांना दिसत नव्हतं, आणि चाकाला आवाज नसल्यामुळं आधी चाहूलही लागली नव्हती.

संडास घरोघर बांधलेले आहेत. कुणाच्यात जळणासाठी कापसाच्या पऱ्हाट्या, कुणाच्यात गोवऱ्या, कुणाच्यात नादुरुस्त मोटर. पाणी बायांनीच वाहून आणायचं, तेव्हा उगाच कशाला, असा हिशेब. पुरुषांना काय, दिवसाढवळ्या मोटारसायकलवर बसून नदीला जातात आणि परत येऊन त्याच पाटीखाली शेजारच्या गावाची घाण काढत बसतात. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

ओळीच्या शेवटी आमच्या शेजारची म्हातारी होती. तिच्या गुडघ्यांत काही राहिलेलं नाही. एकदा बसली की बाभळीच्या खुंटाला धरून उठायला तिला बराच वेळ लागतो. उजेड अंगावर आला तशी ती घाईनं उठायला गेली आणि चाकोरीत पडली. मी सायकल टाकून धावले. चाक थांबलं, दिवा विझला, आणि आवाजावरून तिनं मला ओळखलं.

"तू हाईस व्हय? मला वाटलं कुणी गडीमाणूस येऊन राहिला. काहून गं माय, एवढा उजेड कुणाला दाखवून राहिली?"

त्यानंतर ती पांदणीत दिसेना. सुट्टीच्या दिवशी मी तिच्या घरी गेले. खाटेवर पडून होती, अंगात कणकण, जीभ कोरडी.

"मी आता सांजच्याला जेवत न्हाई," ती म्हणाली. "पाणी बी पित न्हाई. मंग जायाचं कामच न्हाई."

मोठी युक्ती सापडल्यासारखं सांगत होती. म्हातारं शरीर पाण्यावाचून ठेवलं की पुढं काय होतं, ते मी दवाखान्यात रोज बघते. मी तिला समोर बसून तांब्याभर पाणी पाजलं, गोळ्या आणून दिल्या. तिच्या लेकाला म्हटलं, संडासातल्या पऱ्हाट्या आजच्या आज काढ. "काढू की उन्हाळ्यात," तो म्हणाला, तंबाखू मळत. त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याचा उपयोगही झाला नाही. मला बदलता येण्यासारखा राहिला तो माझा दिवा.

तो खाली वाकवून पाहिला, तरी उजेड बाजूला पसरायचाच. मग वसमतच्या सायकलच्या दुकानात गेले. तिथंही तीच तऱ्हा. सायकल स्टँडवर, चाक गरागरा, आणि दुकानदाराच्या तोंडावर जादूगाराचा आनंद.

"सावकाश फिरवा," मी म्हटलं.

"इतकी सावकाश कोण चालवतं, मॅडम?"

"मी. चिखलात."

सावकाश फिरवल्यावर त्याचे सगळे दिमाखदार दिवे तसेच भगभगत राहिले. शेवटी खालच्या फळीवरचा, धुळीनं माखलेला जुना नग त्यानं नाइलाजानं काढला. बाटलीसारखा डायनामो, टायरला घासणारा, आणि वरून टोपीसारखं झाकण असलेला पत्र्याचा दिवा. त्यातून पिवळा उजेड पडला, चाकापुढं परातीएवढा. आणि डायनामोची घरघर दुकानाबाहेर ऐकू जाईल एवढी.

"यात समोरचा माणूस बी दिसत न्हाई, मॅडम."

"म्हणूनच घेते आहे."

त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. नवरा तर पोट धरून हसला. "पुण्याचा दिवा सोडून हे डबडं काहून लावून राहिली?" मी म्हटलं, एकदा पहाटे दोन्ही दिवे घेऊन पांदणीनं जाऊन या, मग बोलू. तर म्हणाला, थंडीत त्याचे गुडघे धरतात.

म्हातारीला मी सांगून आले, "मावशी, घरघर ऐकू आली की समजा मी आहे. उठू नका. आणि रात्री पाणी प्या." ती कूस बदलून भिंतीकडं वळली. मला वाटलं, हिला पटलेलं नाही.

पुढं काही दिवस बाया तरीही उठायच्या, सवयीनं. मी मान न वळवता, परातीएवढ्या उजेडात चाकोरी बघत निघून जायची. मग एका पहाटे, धुकं होतं, घरघर करत पांदणीला वळले तर कुणीतरी उठायच्या बेतात असल्याची बांगड्यांची किणकिण झाली. आणि पलीकडून, बाभळीच्या बाजूनं, म्हातारीचा आवाज आला.

"बसा गं, उठू नका. आपलीच हाय."

मला एकदम भरून आलं. आणि एवढ्याशा गोष्टीनं भरून यावं, याचा त्याहून जास्त राग आला.