देवावरचे सात मजले

आमचा गावदेव डहाणू स्टेशनजवळच्या बाजारात, एका सात मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये राहतो. त्याच्या एका बाजूला कोणाची तरी स्कूटर, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पंपाची खोली, आणि मध्ये शेंदूर फासलेला कंबरेएवढा दगड. पूर्वी तिथे मोकळं रान होतं आणि कडेला आमचा पाडा. बाजार सरकत सरकत आला आणि त्यानं पाडा गिळला. देव गिळताना मात्र त्याला ठसका लागला, कारण मध्ये माझा बाबा बसला होता.

देवाची सेवा आमच्या घराकडे. बिल्डर जमीन मागायला आला तेव्हा बाबानं दोनच अटी घातल्या. देव जागचा हलणार नाही, आणि त्याच्या डोक्यावर छप्पर येणार नाही, कारण आमच्या देवाला छप्पर चालत नाही. बिल्डर वस्ताद निघाला. त्यानं देवाच्या बरोबर वर गच्चीपर्यंत विहिरीसारखी मोकळी जागा सोडली आणि भोवती सात मजले चढवले. देवासमोर उभं राहून मान वर केली की रुमालाएवढं आभाळ दिसतं, आणि त्याच्या आधी सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या दिसतात. देवाला आभाळ मिळालं, आम्हाला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. सगळे खूश होते. मीही होते, खोटं कशाला बोलू?

मग धरती हलायला लागली.

मी तलासरीकडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. त्या भागात गेली काही वर्षं भूकंपाचे धक्के बसतात. आधी जमिनीखालून मोठा आवाज येतो, मग पत्रे खडखडतात. आमच्या मुलांना आता काही सांगावं लागत नाही. आवाज झाला की फळ्यावरचं वाक्य अर्धं ठेवून सगळा वर्ग मैदानात पळतो. धक्का जोराचा असला की तो डहाणूपर्यंत पोचतो.

आमच्या घराची एक जुनी रीत आहे. धरती हलली की घरातल्या एका माणसानं धावत देवाजवळ जायचं, दिवा लावायचा आणि तो विझेपर्यंत तिथून उठायचं नाही. देवाला एकटं वाटू नये म्हणून, असं बाबा सांगतो. मला विचाराल तर ज्यानं ही रीत घातली त्याचं डोकं ठिकाणावर होतं. देव रानात होता. देवाजवळ जायचं म्हणजे घर सोडून उघड्यावर जायचं, आणि एक माणूस धावला की मागून अख्खा पाडा बाहेर पडायचा. रान गेलं, पण रीत राहिली. आता धक्का बसला की सगळी इमारत जिन्यावरून रस्त्याकडे पळते, आणि माझा बाबा त्या गर्दीतून वाट काढत उलटा पार्किंगमध्ये शिरतो, सात मजल्यांच्या पोटात.

तिथे पंपाच्या खोलीशेजारी एक खांब आहे. त्याला बोट जाईल एवढी चीर पडली होती. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ती सिमेंट भरून, वर रंग मारून बुजवली. पुढच्या धक्क्याला ती पुन्हा उघडली. पुन्हा बुजवली, पुन्हा उघडली. मी येता-जाता तिच्यात बोट घालून बघायची.

"बाबा, रानशेतला आत्याकडे जाऊन राहा थोडे दिवस," मी म्हणायची. "तिचं कुडाचं घर. पडलं तरी कोणी मरत नाही."

"न् देवाकडं कोण बसंल?"

"देव दगडाचा आहे. त्याला काय होतंय?"

"म्हणून तं माणूस पायजे," बाबा म्हणायचा, आणि विषय संपायचा. दगडाशी एक वेळ वाद घालता येईल, पण माझ्या बापाशी नाही.

सुरुवातीला सोसायटीतले लोक कुरकुरायचे. तेलाचा वास येतो, उंदीर होतात, गाडी वळवता येत नाही. पण धक्के थांबेनात तशी भाषा बदलत गेली. शेंदराशेजारी नारळ दिसू लागले. वरच्या मजल्यावरच्या बायका जाता-येता बाबाच्या पाया पडू लागल्या. बुडत्याला काडीचा आधार लागतो, हे मी समजू शकते. पण ती काडी माझा बाप होता.

एका रविवारी सकाळी मी घरीच होते. मांडणीवरची भांडी वाजली, ट्यूबलाईट झुलली. बाबा चप्पल न घालताच निघून गेला. मी ओढणी घेऊन खाली रस्त्यावर आले, आणि बघते तर रस्त्यावर कोणीच नाही. समोरचा पानवाला सोडला तर चिटपाखरू नव्हतं. क्षणभर मला कळेनाच, एवढी माणसं गेली कुठे?

ती पार्किंगमध्ये होती. अख्खी इमारत त्या दगडाभोवती मांडी घालून बसली होती. म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, तान्ह्या बाळाला पदराखाली घेतलेली तिसऱ्या मजल्यावरची सून. त्या चिरलेल्या खांबाला एक आजोबा आरामात टेकले होते. कोणी रडत नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं.

दिवा लावून बाबानं मागे वळून बघितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"बाहेर जा तुमी," तो म्हणाला. "रस्त्यावर जा."

"तुम्ही बसलात ना बाबा, मग आम्हालापण इथेच बरं वाटतं," ती बाळवाली म्हणाली. कोणीच उठलं नाही.

पायाखाली पुन्हा हललं. वरून त्या विहिरीसारख्या मोकळ्या जागेतून काचेचा तुकडा आला आणि देवाशेजारी फुटला. बाबा त्या बाळाकडे बघत राहिला. मग तो उठला. दिवा जळत होता, तरी उठला आणि सरळ चालत गेटबाहेर गेला. तेव्हा कुठे माणसं त्याच्या मागोमाग बाहेर आली. मला इतका आनंद झाला की मी रस्त्यातच त्याच्या गळ्यात पडले. तो मात्र लाकडासारखा उभा होता. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढच्याच आठवड्यात तलासरीकडे मोठा धक्का बसला. आमच्या शाळेची मागची भिंत गेली. आमच्या इमारतीत जिन्याला चिरा पडल्या. कुजबूज सुरू झाली, की दिवा जळत असताना बाबा देवाला टाकून गेले, म्हणून हे झालं. मी जिन्यात लोकांना गाठून जमिनीखाली काय चालतं ते सांगत सुटले. सगळ्यांनी ऐकून घेतलं. वर्गातली पोरं ऐकतात तसंच, घंटेकडे लक्ष ठेवून.

मग एके संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले. हातात खमणचा पुडा होता. गोड बोलणारा गुजराती माणूस.

"बेन, बाबांचं आता वय झालं," ते मला म्हणाले. "त्यांना त्रास नको. पण देवाजवळ तुमच्या घरातलंच माणूस लागतं ना? मग आता तुम्हीच बसा. सगळ्यांची तशी इच्छा आहे."

"मी बसणार नाही, आणि कोणीच बसायचं नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "आधी तो खांब दुरुस्त करा!"

"खांबाचं करू, करू. पण तोवर?"

बाबा खिडकीशी बसला होता. "ती नाय बसनार," तो म्हणाला. "मी बसतो. पण धरती हालली तं पार्किंगमधी दुसरा कोणी याचा नाय. एक जरी माणूस आत आला तं मी उठून जाईन. सगल्यांना सांगा, रस्त्यावर उभं राहाचा."

सेक्रेटरींनी हात जोडले. ते गेल्यावर मी बाबाशी भांडले, रडले, रानशेतला ओढत नेईन म्हणाले. तो खमणचा तुकडा चघळत शांतपणे म्हणाला, "मी नसलो तं तुला बसवतील. तू नाय म्हनशील, मंग त्या पोरीला बाळ घेऊन बसवतील. कोणी तरी बसनारच. मंग मीच बरा."

मी खमणचा पुडा गुंडाळून ठेवला.

परवा सकाळी पुन्हा धक्का बसला. यावेळी सगळे शिस्तीत खाली आले आणि गेटसमोर रस्त्याच्या पलीकडे ओळीनं उभे राहिले. पोरांना आयांनी धरून ठेवलं होतं. ती तिसऱ्या मजल्यावरची सून बाळाला थोपटत होती. मीही तिथेच उभी होते, कारण मी आत गेले तर तो उठेल, आणि तो उठला तर पुढे कोणाला बसवतील हे मला माहीत होतं. वीज गेली होती. गेटमधून आतला अंधार दिसत होता, आणि त्यात कुठे दिवा आहे का ते मी शोधत होते.

सेक्रेटरी घाईघाईनं माझ्याजवळ आले.

"बाबा आत आहेत ना?"

"आहेत," मी म्हणाले.

"मग बरं," ते म्हणाले.