साफ केलेलं पिल्लू

लोक त्यांना डागकाका म्हणायचे. दुकान लाँड्रीचं, पण धुणं आणि इस्त्री त्यांच्या लेखी पोटापुरती. खरा जीव डाग काढण्यात. तेलाचा, शाईचा, गंजाचा, कसलाही डाग आणा, काका तो काढून द्यायचे आणि कपडा घेताना गिऱ्हाइकाकडे असं बघायचे, जणू त्याने शर्ट नाही, मेलेला उंदीर टेबलावर ठेवलाय. माणूसजात घाणेरडी, हे त्यांचं पक्कं मत होतं. लोकांच्या कॉलरी आणि बगला बघून बनलेलं मत असं सहजासहजी बदलत नाही.

घरातही तेच. दाराची कडी ते कोपराने सरकवायचे. दुसऱ्याच्या चहावर साय दिसली तरी त्यांना मळमळायचं. मुलगी लहान होती तेव्हा तिचं नाक वाहायला लागलं की काका लांबूनच ओरडायचे, "अगं ए, हिचं बघ जरा!" एवढ्या एका वाक्यावर त्यांनी सगळं बापपण निभावून नेलं.

आता ती मुलगी स्वतः आई झाली होती. तिची रजा संपत आली होती आणि बाळ दिवसभर आजी-आजोबांकडे ठेवायचं घाटत होतं. आजीची, म्हणजे काकूंची, कामावरची पाळी दुपारी सुटायची. तोवर बाळ काकांच्या हवाली. काकांना ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. नातू म्हणजे जीव की प्राण. फक्त तो वरून आणि खालून गळत नसता तर फार बरं, असं त्यांना वाटे. गेल्या खेपेला त्याने काकांच्या खांद्यावर दूध ओकलं. काकांनी "ईऽऽ" करून त्याला सोफ्यावर टाकलं आणि न्हाणीघरात जे गेले ते बाहेरच येईनात. मुलीने ते पाहिलं.

"बाबांना नाही जमणार गं," ती निघताना आईला म्हणाली. "मी पाळणाघर बघते."

"थांब जरा," काकू म्हणाल्या.

काकू कोंबड्यांची अंडी उबवायच्या हॅचरीत पिल्लं निवडायच्या. धडधाकट पिल्लू खोक्यात, लुळंपांगळं बादलीत. बादलीचं पुढे काय होतं हे त्या घरी कधी सांगत नसत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बादलीतलं एक उचललं आणि घरी आणलं.

"जेवणाच्या डब्यातून?" काकांचा आवाज चिरकला.

"डबा धुता येतो."

पिल्लू म्हणजे एक ओला, चिकट गोळा. पिसं अंगाला चिकटलेली, मधूनमधून उघडी गुलाबी कातडी, मान एका बाजूला कललेली, आणि नासक्या अंड्याचा वास. मागच्या बाजूला काहीतरी हिरवट-पांढरं लडबडलेलं. काकांना शिसारी आली.

काकूंनी खोक्यात जुना टॉवेल अंथरला, वर बल्ब टांगला. "उद्या सकाळी हे तुम्ही सांभाळायचं. पोरीला मी सांगून ठेवलंय. बाबांनी हे निस्तरलं, तर बाळही निस्तरतील."

"म्हणजे माझी परीक्षा?"

"तसं समजा. आता इकडे बघा. मागे शी चिकटून वाळली की वाट बंद होते आणि पिल्लू मरतं. कोमट पाण्याचा कापूस नुसता धरून ठेवायचा. भिजली की सुटते, ओढायची नाही. आणि ही पोटाखाली काळी काडी दिसतेय ना, ती नाळ. तिला बोटही लावायचं नाही. वाळून आपली आपण गळते. बघितलंत ना?"

"हो हो," काका म्हणाले. ते नाकाला रुमाल लावून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

सकाळी काकू गेल्या आणि पिल्लाने घाण केली. काकांनी दुकानातले रबरी हातमोजे चढवले, काढले, पुन्हा चढवले. नातवाचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. तोही ओकतानाचाच आला. तरी त्यांनी मन घट्ट करून पिल्लू उचललं. ते हातात धडधडत होतं, आणि ती धडधड मोज्यातूनही लागत होती, हे सगळ्यात किळसवाणं. कापूस धरला. वाट बघितली. घाण सैल झाली आणि पाण्यात उतरली.

जमलं की! काकांना एवढा आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे मुलीला फोन लावला.

"शी काढली मी! स्वतःच्या हातांनी! बाळाला घेऊन ये."

"खरंच बाबा?" ती हसली. तिच्या आवाजातला तो आनंद ऐकून काकांची छाती फुगली.

आता किळस पळाली होती आणि तिच्या जागी जुनी सवय येऊन बसली. जित्याची खोड ती. निघतंय म्हटल्यावर काका थांबतात थोडेच! पंखांखालचं पुसलं, पायांच्या बोटांमधलं पुसलं, चोचीवरचा वाळका बलक काढला. पिल्लू पिवळंधमक दिसायला लागलं. शेवटी त्यांनी ते उताणं केलं, तर पोटाखाली एक काळा ठिपका. वाळलेला, घट्ट, हट्टी. असले हट्टी डाग त्यांनी जन्मभर काढले होते. कापूस धरला, सुटेना. पुन्हा धरला, सुटेना. मग त्यांनी तो चिमटीत पकडला आणि ओढला.

डाग निघाला. त्याच्यामागून आतलं काहीतरी ओलं, पिवळं बाहेर आलं, आणि मग रक्त. पिल्लाने चोच उघडली, पण आवाज आला नाही. काकांनी ते सगळं बोटाने आत ढकलायचा प्रयत्न केला. मोजे घसरत होते म्हणून काढून फेकले आणि उघड्या बोटांनी ढकललं. ते आत जाईना. हातातली धडधड थांबली तरी ते ढकलतच होते.

काकू आल्या तेव्हा काका मोरीपाशी बसले होते, बोटं तशीच माखलेली. ती धुवावीत असं त्यांना वाटतही नव्हतं. स्वतःची त्यांना एवढी घाण वाटत होती की ती पाण्याने जाईल यावर विश्वासच उरला नव्हता.

"मी फक्त साफ केलं," ते म्हणाले.

काकूंनी खोक्यात पाहिलं. पिल्लू बल्बखाली पडलं होतं, झळझळीत स्वच्छ. त्यांनी ते जुन्या फडक्यात गुंडाळलं आणि तेवढ्यात मुलीचाच फोन आला. ती बाळाची दुपटी भरत होती.

"नको आणूस," काकू म्हणाल्या. तिकडून मुलीने विचारलं, पुन्हा "ईऽऽ" केलं का. "नाही गं, किळस नाही केली त्यांनी. केली असती तर बरं झालं असतं. तू पाळणाघरच बघ."