कॅलेंडरवरचा माजी विद्यार्थी

आमच्या घरात परदेशात शिकलेला मी एकटाच, आणि गेली अठरा वर्षं मी हे कोणालाही विसरू दिलेलं नाही.

माझ्या मास्टर्सला पहिलं वर्ष सगळे एकत्र असत. दुसऱ्या वर्षासाठी दोन गावांतलं एक निवडायचं: उत्तरेचं बर्फाचं किंवा दक्षिणेचं समुद्राकाठचं. मी बर्फ निवडला होता. आता हीच निवड करणाऱ्या मुलांना आम्ही माजी विद्यार्थी व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन करतो. (माजी विद्यार्थी म्हणजे शिकत असताना ज्याला कुत्रं विचारत नव्हतं आणि आता जो न विचारता सांगतो, असा माणूस.) विद्यापीठाची मेल आली आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून पार्ल्यातल्या आमच्या हॉलमध्ये लॅपटॉपसमोर बसलो.

पडद्यावर नऊ देशांतली नऊ मुलं. आपली सानिका घाटकोपरची. तिला बर्फाच्या गावातली प्रयोगशाळा हवी होती, पण तिथल्या एकटेपणाची धास्ती होती, आणि फॉर्म भरायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

"सर, मराठीतच विचारते हं. खरं सांगा, तिथे त्रास होतो का?"

"छे. मी पहिल्या दिवसापासून रमलो. एकटेपणा हा मनाचा आळस आहे." (हे वाक्य सकाळी आंघोळ करताना तयार केलं होतं.)

मागे सोफ्यावर आई वाल सोलत बसली होती. "कोण रमला?"

"आई, कॉल चालू आहे."

"म्हणूनच विचारते. रोज फोनवर रडायचास ना रे तू?"

"रोज, आजी?" सानिकाने विचारलं.

"थांब हं बाळ, बघून सांगते."

सिलिंडर कधी लावला, कामाच्या बाई कधी आल्या नाहीत, हे आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहितात. तेवढ्यावर भागलं असतं, पण आई जुनी कॅलेंडरं टाकत नाही, दिवाणात ठेवते. दोन मिनिटांत ती दोन कॅलेंडरं घेऊन आली आणि वाचू लागली.

"सात ऑक्टोबर. सिलिंडर लावला. मकरंद रडला. नऊ. बाई आल्या नाहीत. मकरंद रडला. चौदा. मकरंद रडला नाही. फोन लागला नाही."

सानिका इमानदारीने बाकीच्या मुलांना सगळं इंग्रजीत सांगत होती. पोरीने सिलिंडरसुद्धा सोडला नाही.

मी आशेने बायकोकडे पाहिलं. "वैदेही, आईला आत ने ना."

"थांब रे, डिसेंबर येऊ दे. मला तू तिथल्या बर्फावरच्या सहलींच्या गोष्टी सांगून पटवलंस."

डिसेंबरात सहल नव्हती. रडणं होतं, शिवाय सर्दी. मी माइक बंद करायला हात पुढे केला, तर ब्राझीलच्या एका मुलाने चॅटमध्ये लिहिलं, जानेवारी राहिलाय. आईने दुसरं कॅलेंडर उघडलं. "दोन जानेवारी. थालीपीठ करपलं म्हणून रडला." आता मी शर्टाची कॉलर नीट करण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो.

"मग थांबलं कधी, आजी?" सानिकाचा आवाज बारीक झाला होता.

आईने पान उलटलं. "अकरा फेब्रुवारी. शेजारच्या मुलाने दार वाजवून जेवायला बोलावलं. त्यानंतर नुसते सिलिंडरच आहेत."

तो मुलगा मी साफ विसरलो होतो. अठरा वर्षं बढाया मारल्या, त्यात त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. मला खरंच लाज वाटली.

"म्हणजे चार महिने," सानिका म्हणाली. "काढेन मी. आणि शेजारचं दार पहिल्याच दिवशी मी वाजवेन." तिने तिथल्या तिथे बर्फाच्या गावाचा फॉर्म भरून टाकला.

आठवड्याने विद्यापीठाची मेल आली. यंदाचं सर्वात उपयुक्त सत्र आमचं झालं, पुढच्या वर्षीही आईंनीच मार्गदर्शन करावं, अशी विनंती होती. मलाही बोलावलंय. कॅलेंडर धरायला.