ब्रिजेटच्या लायपेजला मटण चालत नाही

ब्रिजेट मूळची मढची, मासेमारी करणाऱ्या घरातली. तिने बुरशीवर पीएचडी करायची ठरवली तेव्हा आई म्हणाली होती, "पावाला आली की आपण फेकतो, ती तू पोसणार?" ब्रिजेटने पोसली. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत ती बुरशीपासून लायपेज, म्हणजे चरबी तोडणारं एन्झाइम, काढू लागली. त्याची पावडर हॉटेलांच्या तुंबलेल्या गटारांसाठी विकायची, असा मालक चंद्रप्रकाश यांचा बेत होता.

अडचण एवढीच, की हे लायपेज भलतंच चोखंदळ निघालं.

"सर, याच्या रेणूत एक खोबण आहे, वर झाकण," ब्रिजेट पुन्हा एकदा सांगत होती. "तेला-तुपाचा थेंब भेटला की झाकण उघडतं आणि चरबीची साखळी आत शिरते. पण आपली खोबण अगदी तोकडी. लोण्यातल्या आखूड साखळ्या मावतात, मटणाच्या चरबीतल्या लांब साखळ्या मावतच नाहीत."

"मग डबल टाकू."

"डबल टाकलं तरी खोबण तेवढीच राहणार ना!"

"चरबी ती चरबी, मॅडम," म्हणत चंद्रप्रकाशनी फोन उचलला, आणि तिला न विचारता अंधेरीच्या एका बिर्याणीवाल्या नलिनीताईंना पावडर पाठवूनही दिली.

आठवड्याभरात गटार उलटं स्वयंपाकघरात आलं.

"तूच जा," चंद्रप्रकाश म्हणाले. "एन्झाइम तुझं आहे."

नलिनीताई दारातच कडाडल्या, "कसली पावडर दिलीत गं? पार वाट लागली माझ्या किचनची!"

ब्रिजेटला मालकाचं नाव घेऊन मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी तिने पँट दुमडली, प्लंबर बोलावला आणि त्या घाणीत उभं राहून सगळं साफ करून घेतलं. मग कोमट पाण्याची दोन भांडी मागितली. एकात लोणी, दुसऱ्यात मटणाची चरबी, दोन्हींत तीच पावडर. तासाभराने चरबी होती तशीच तरंगत होती. लोण्याला मात्र झणझणीत, जुन्या चीजसारखा वास सुटला होता. इतके दिवस लॅबमध्ये याच वासाने नाक मुरडत होते आणि हा चीजचा स्वाद आहे हे डोक्यात आलं नाही, म्हणून ब्रिजेटला स्वतःचाच राग आला.

"वास राहू दे," नलिनीताई म्हणाल्या. "माझ्या गटाराचं काय?"

"त्याला दुसरी बुरशी लागेल. मी शोधते."

दुसऱ्या दिवशी तिने चंद्रप्रकाशना सांगितलं, ही पावडर चीजचा स्वाद बनवणाऱ्यांच्या कामाची आहे, पण खाण्यात जायची तर आधी सुरक्षिततेच्या चाचण्या हव्यात.

"म्हणजे तोवर गटारासाठी विकायला हरकत नाही ना?"

ब्रिजेटने पावडरच्या गोदामाला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि देवनारला गेली. कत्तलखान्याजवळच्या तेलकट मातीतून तिने नमुने आणले, महिनोन्‌महिने वाढवले, तपासले. शेवटी एक करडी बुरशी सापडली. तिच्या लायपेजची खोबण लांब आणि ऐसपैस होती. नलिनीताईंचं पुन्हा पुन्हा तुंबणारं गटार वाहतं झालं.

त्यांच्याच किचनमध्ये चहा पिता पिता चंद्रप्रकाश म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, बुरशी बदला."

ब्रिजेटने कप तसाच खाली ठेवला आणि रिक्षा पकडून लॅबला निघून गेली.