तो शब्द माझा होता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, होस्टेलच्या खोलीतल्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतो आहे – कसं सांगावं ते मात्र अजून कळत नाही.

आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात झेंडा रोवलेला, अलीकडे आम्ही, पलीकडे सावरगाव – आणि मध्ये दिवसभर दगड. वर्षभर एकमेकांत सोयरिक करणारी माणसं त्या दिवशी एकमेकांची डोकी फोडतात.

माझा चुलत भाऊ वसंतदादा गोफण चांगली चालवायचा. लग्न झालं आणि त्यानं नदीत उतरणं सोडलं. वहिनी सावरगावची. तिचा भाऊ नारायण पलीकडच्या काठावर असायचा. तिनं घातलेली शपथ दादानं दोन वर्षं पाळली.

तिसऱ्या वर्षी – आपण विश्वचषक जिंकला ते वर्ष – मी नुकताच कॉलेजात गेलो होतो. आमच्या घरातून पहिलाच. त्या दुपारी मी काठावर एका भिंतीआड उभा होतो. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? मोहल्ल्यातली पोरं हसली, "काऊन बे, कालेजात जाऊन बाई झाला का?" दादा शेजारीच होता, मला घरी न्यायला आला होता. आणि मी – त्यांचं हसू माझ्यावरून उतरावं म्हणून – मोठ्यानं म्हणालो, "मले काय म्हणता? ह्याले म्हणा. हा तर सावरगावचा घरजावई!"

कोणता शब्द कुठे लागेल, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. म्हणून तर तोच निवडला. पोरांनी तो लगेच उचलला. "घरजावई! घरजावई!"

दादा डोक्याला दुपट्टा बांधून खाली उतरला. पाव तासही झाला नसेल. दगड उजव्या डोळ्यावर बसला. उचलून आणलं तेव्हा तिथे नुसता लाल चिखल होता, आणि दादा बोटांनी चाचपून डोळा शोधत होता.

इथवर गावानं पाहिलं. पण पुढचं?

दवाखान्यात वहिनीनं माझं मनगट धरलं. "सकाळी तर नाही म्हणून राहिले होते जी, भाऊजी! कोण काय म्हणलं त्याईले?"

मी म्हणालो, "तुमच्या नारायणनं. पलीकडून घरजावई म्हणून ओरडला."

दादाला माझं खोटं नंतर कळलंच असेल. त्यानं आजवर तोंड उघडलेलं नाही.

भाऊबीजेला नारायण आमच्या दारी आला. वहिनीनं ओवाळलं नाही, पाणीसुद्धा दिलं नाही. आतूनच किंचाळली, "नवऱ्याचा डोळा खाल्ला, आता काय मांगाले आला बे?"

तो उंबऱ्याबाहेर उभा. "मी काय केलं वं, बाई? सांग तरी."

मी ओसरीवर पुस्तक उघडून बसलो होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पान उलटलं.