मेंढीची साक्ष

“आदी मेंढीला इचारू,” असं म्हणून आबा खांद्यावरची घोंगडी खाली टाकायचे आणि गुडघ्यांवर बसायचे. कुठलंही रोपटं दाखवा, पहिलं वाक्य हेच.

आबा आमच्या सणसरचे धनगर. गुडघे दुखायला लागल्यापासून कळपाबरोबर कोकणात जाणं त्यांनी सोडलं होतं. चार मेंढ्या घेऊन ते माळावर असत. मी तेव्हा पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकत होतो; आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. परीक्षेला सुकवलेल्या वनस्पती कागदावर चिकटवून नावानिशी द्यायच्या होत्या. एक सोडून सगळ्या ओळखल्या. राहिलं ते चैत्रात माळावर सापडलेलं, शर्टाच्या गुंडीएवढं फूल. ते सुकून मातकट झालं होतं. निळं असेल तर विष्णुक्रांता, पांढरं असेल तर शंखपुष्पी. तुम्ही म्हणाल, तोडताना पाहिलं नव्हतंस का? पाहिलं होतं. रंग वहीत लिहायचा राहिला आणि नंतर आठवेना.

मी कागद आबांपुढे धरला. “आबा, ह्ये कंचं?”

“मेल्यावर कसं वळखू? आदी मेंढीला इचारू.”

मेंढीनं ते कागदासकट खाल्लं.

“आबा, माझं वर्ष गेलं!”

“खाल्लं म्हंजी चांगलं फूल हाय रं.”

चिकटवायला आईनं कणकेची खळ करून दिली होती. मेंढीला फूल आवडलं की खळ, कोण सांगणार? रागाच्या भरात मी आबांना अडाणी म्हणालो. त्यांनी घोंगडी उचलली आणि मेंढ्या वळवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते लंगडत दारात आले. घोंगडीच्या टोकात मातीचं ढेकूळ, त्यात रोपटं, त्यावर निळं फूल.

“सकाळचंच उमलतं, उनात मिटतं. मेंढीनं दोन खाल्ली. ह्ये हिसकून आणलंया.”

“पण कालचं ह्येच व्हतं का?”

“तू शिकल्याला. तू सांग की.”

ते फूल सुकवून नव्या कागदावर चिकटवलं आणि मी खाली विष्णुक्रांता लिहिलं. “कशावरून ओळखलंत?” परीक्षकांनी विचारलं. “आमच्या गावच्या एका जाणकारांनी ओळखलं,” मी म्हणालो. पास झालो.

हेच आबांना सांगायला पेढे घेऊन गावी आलो, तर ते पंधरा दिवसांपूर्वीच गेले होते.

पुढं माळावर ऊस आला. एका चैत्रात सकाळी मी बांधावरून चाललो होतो. पायाशी दोन फुलं उमलली होती, अगदी शेजारी शेजारी. एक निळं, एक पांढरं. मी गुडघ्यांवर बसलो. बराच वेळ बघत राहिलो.

विचारायला मेंढी नव्हती.