‘काही झालेलं नाही’ची यादी

आमच्या क्लासचे नासिरसर म्हणजे डोक्याला ताप. लातुरात प्रवेशाचे दिवस, फाटकापर्यंत पालकांची रांग, आणि हा माणूस फॉर्ममध्ये एक चौकोन जास्तीचा टाकून बसलेला: ‘आणखी काही’. मी गणित शिकवते, ते कॉम्प्युटर. त्या चौकोनात कुणी काही लिहीत नाही, उगाच जागा जाते, म्हणून मी दरवर्षी भांडते. यंदा जरा जास्तच बोलले. तेव्हा त्यांनी दार लोटलं आणि फळ्यावर चार आकडे लिहिले: १, २, ४, ८.

भूकंपाच्या साली सर एकवीस वर्षांचे. नांदेडहून मदतीच्या तंबूत, कॉम्प्युटरवर नावं भरायला आलेले. माणसापुढं एकच आकडा. जखमी एक, दवाखान्यात दोन, बेपत्ता चार, मृत आठ, आणि लागू असेल त्याची बेरीज. तीन दिसलं की जखमी होऊन दवाखान्यात. त्या एका आकड्यातून हवी ती यादी गाळून निघायची. युक्ती मला आवडली, खोटं कशाला बोलू.

एका गावच्या एका गल्लीची शेहेचाळीस नावं होती. तंबूवरच्या साहेबांनी धडधाकट माणसांची यादी मागितली. नासिरनं घाईत मशीनला विचारलं, कुणाकुणाच्या आकड्यात शून्य बसतं? अरे बाबा, कुठल्याही बेरजेत शून्य मिळवलं तरी ती तीच राहते, म्हणजे शून्य तर सगळ्यांच्याच आकड्यात बसतं! विचारायचं होतं, कुणाचा आकडाच शून्य आहे. प्रिंटर करकरला. वर मथळा ‘काही झालेलं नाही’, खाली शेहेचाळीसच्या शेहेचाळीस नावं, मेलेलीसुद्धा. तो कागद न वाचताच तंबूबाहेर लागला. कुणीतरी तो म्हाताऱ्या मलप्पाला वाचून दाखवला. त्याच्याखेरीज घरची सातही माणसं आठवर, म्हणजे मृतांत होती. मलप्पानं कागद काढून घेतला आणि गावाकडं चालू लागला.

दोन दिवस तो परतला नाही. एका कललेल्या भिंतीखाली बसून होता, आणि जमिनीला धक्के अजून बसत होते. चूक ज्याची त्यानंच निस्तरावी, म्हाताऱ्याला जिवंत घेऊन यावं, असं सांगून साहेबांनी नासिरला पाठवलं.

भर दुपार. गल्लीत घर असं उरलंच नव्हतं, पण मलप्पानं प्रत्येक उंबऱ्यापुढचं झाडून काढलं होतं. प्रत्येक उंबऱ्यावर पाण्याचं भांडं, काठोकाठ भरलेलं. भांड्यांना पाय न लागू देता नासिर पुढं गेला. तो काही बोलायच्या आत मलप्पानं कागद पुढं केला आणि वाच म्हणाला.

नासिर वाचू लागला. प्रत्येक नावाला मलप्पा त्या त्या उंबऱ्याकडं बघून म्हणायचा, “हाय.” बायकोच्या नावाला हाय. नातीच्या नावाला हाय. विसाव्या नावापर्यंत आपणही उंबऱ्यांकडं बघायला लागलो होतो, असं सर म्हणाले. शेवटचं नाव मलप्पाचं स्वतःचं. त्याला उत्तर आलं नाही. म्हातारा समोर बसलेला, डोळे उघडे, आणि उत्तर नाही.

नासिरनं रडतच सांगितलं, मामा, माझं चुकलं, ही यादी खोटी आहे. मग खिशातून दुसरी काढली, नीट विचारून काढलेली. मलप्पानं तीही वाचायला लावली. मथळा तोच, ‘काही झालेलं नाही’. गल्लीत जगले-वाचले ते सगळे जखमी होते. हा एकटा त्या रात्री शेतात झोपलेला, अंगावर ओरखडासुद्धा नाही. म्हणून शून्य.

“मलप्पा,” नासिरनं वाचलं.

“फुडं?”

“पुढं कुणी नाही, मामा.”

मलप्पानं नावाखालच्या कोऱ्या कागदावरून बोट फिरवलं. “म्हंजी गल्लीत मलाच काय झालं न्हाई?”

मग तो उठला. एकेका उंबऱ्यावरचं पाणी ओतत ओतत नासिरच्या मागं तंबूकडं आला. त्याच संध्याकाळी नासिरनं आठच्या पुढं सोळाचा चौकोन उघडला, ‘आणखी काही’ नावाचा, आणि त्यात पहिलं नाव मलप्पाचं टाकलं.

सरांनी फळा पुसला. मी फॉर्म उचलले आणि चौकोनासकट छापायला दिले.